पाच आणि सात

मामानं तो बॉक्स काउंटरवर ठेवला तेव्हा दुकानात अजून भवानीसुद्धा झाली नव्हती. २००४चा फेब्रुवारी. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळचं कॉलेज उरकून अकरा वाजता राजारामपुरीत मामाच्या मोबाईलच्या दुकानात हजर व्हायचं, ते रात्री शटर ओढेपर्यंत. आठ बाय दहाचा गाळा, पुढं काचेचं काउंटर, मागं आरशाची भिंत, वर रिकाम्या खोक्यांनी गच्च भरलेला माळा. मामा रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईहून माल घेऊन आला होता. तांबारलेल्या डोळ्यांनी तो पिशवीतनं एकेक पीस काढून माझ्यापुढं मांडत होता. सगळे नोकियाचे फोन: अकराशे, अकराशे, अकराशे, दोन ६६००, परत अकराशे. आणि सगळ्यात तळाला हा.

“एन-गेज,” मामा म्हणाला. “गेमचा फोन हाय. उघड, पण बेतानं. एकच आणलाय.”

तोवर माझ्या हातून शे-दोनशे बॉक्स तरी उघडून झाले असतील. आत काय कुठं असणार हे न बघता सांगता यायचं. फोन उचलला की तो आपसूक उजव्या तळव्यात बसायचा आणि अंगठा कीपॅडवर जायचा. हा उचलला आणि तळव्यात बसेना. आडवा होता. मधोमध स्क्रीन, डावीकडे दिशांचं गोल बटण, उजवीकडे आकडे, आणि दोन्ही टोकं गोल उतरती केलेली. मी तो एका हातात धरून दुसऱ्या हातानं खोकं बाजूला सारायला गेलो, तर फोन कलला. मग दोन्ही हातांनी धरला. तेव्हा कळलं, हा असाच धरायचा असतो. दोन्ही अंगठे आपापल्या जागी जाऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

याआधी एकच वस्तू मी अशी धरली होती. जोतिबाच्या यात्रेत आजोबांनी घेऊन दिलेला ब्रिक गेम, वर ‘९९९९ इन १’ असं छापलेला. त्यातल्या विटा करड्या, आवाज एकसुरी, आणि सेल संपले की आई लवकर नवे आणून द्यायची नाही. तो मोडला त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. त्या सकाळी दुकानात उभ्या उभ्या ते सगळं आधी तळहातांना आठवलं, मला मागाहून.

तेव्हा फोनवर खेळणं म्हणजे स्नेक. नोकियातल्या तानेली आर्मांटो नावाच्या इंजिनिअरनं तो १९९७ साली ६११० या फोनसाठी लिहिला. आमच्या काउंटरपर्यंत येईतो त्याचा उपयोगच बदलला होता. कुणी सेकंडहँड पीस विकायला आणला की मामा म्हणायचा, “स्नेक खेळून बघ.” साप चारी दिशांना नीट वळला म्हणजे २, ४, ६, ८ चालू आहेत. त्यावर भाव ठरायचा. स्नेकसाठी म्हणून फोन घेणारं गिऱ्हाईक मी एकही पाहिलं नाही. मे २००३पासून इनकमिंग फुकट झालं होतं, जुलैत रिलायन्सनं ५०१ रुपये भरा आणि फोन न्या म्हणून सांगितलं, आणि मोबाईल शेतावर, मार्केट यार्डात, दूध संघाच्या गाडीत जाऊन पोचला होता. अकराशेला टॉर्च होती, कीपॅडमध्ये धूळ जाणार नाही असं रबराचं आवरण होतं. तो कामाचा होता म्हणून खपत होता. पुढं जगभरात तो पंचवीस कोटींच्या वर विकला गेला.

हा कामाचा फोन करणाऱ्याच कंपनीनं नोव्हेंबर २००२मध्ये जाहीर केलं की आम्ही खेळण्यासाठी फोन करतोय, आणि ७ ऑक्टोबर २००३ला तो बाजारात आणलाही. मला या गोष्टीचं तेव्हा अप्रूप वाटलं आणि आजही वाटतं. खेळ आधी मांडायचा आणि उरलेल्या जागेत फोन बसवायचा. कुणी घर बांधताना दिवाणखान्याच्या आधी मुलांची खोली आखावी, तसं. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती. निन्टेंडोचा गेम बॉय तिथं शंभर डॉलरला मिळत होता, त्यामुळं नुसतं खेळायला हा महाग, आणि नुसतं बोलायलाही महागच. मामानं काउंटरवर सांगायची जी किंमत मला दिली ती माझ्या आठ-नऊ महिन्यांच्या पगाराएवढी होती.

“शीक चालवायला,” त्या रात्री हिशेबाची वही उघडत मामा म्हणाला. “उद्या गिऱ्हाईकाला दाखवाय लागंल.”

शटर अर्धं ओढलेलं. बाहेर भेळेच्या गाडीवर शेवटची गिऱ्हाइकं. मामानं फोनबरोबर गेमची तीन कार्डं आणली होती, त्यातलं सॉनिकचं कार्ड मी घातलं. निळा, पाठीवर काटे असलेला प्राणी, पायात लाल बूट. डावा अंगठा गोल बटणावर दाबला आणि तो धावायला लागला. सुरुवातीला दुडक्या, मग असा सुटला की पाय दिसेनात, नुसतं चक्र दिसायचं. ताडाची झाडं मागं पळत होती, सोन्याच्या कड्या किणकिणत गोळा होत होत्या. मी स्टुलावर बसलो होतो तो कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. मामानं वहीतून मान वर करून बघितलं आणि काही न बोलता परत खाली घातली.

उजवीकडची बारा बटणं दिसायला साध्या फोनसारखीच होती. पण गेम सुरू झाला की त्यातल्या दोघांवरच सगळी जबाबदारी, ५ आणि ७. अंगठा त्या दोघांच्या मध्ये ठेवायचा, टोकानं एक दाबायचं, पेरानं दुसरं. बटण खाली जाताना आधी थोडा विरोध करायचं आणि मग ‘टक्’ करून बसायचं. तो टक् कानाला ऐकू येण्याआधी अंगठ्याला लागायचा. उडी चुकली तरी ती आपली चुकली हे कळायचं. बटणाला दोष देता यायचा नाही.

पण तासाभरात पहिली खोटही हाताला लागली. फोन आडवा, आणि स्क्रीन उभी. १७६ ठिपके रुंद आणि २०८ उंच. सॉनिक डावीकडून उजवीकडे पळतो, आणि त्याच्यासमोर रस्ता जेमतेम चार पावलं दिसतो. भरधाव सुटला की पुढचा खिळा, पुढचा खड्डा दिसायच्या आत त्यावर जाऊन आदळायचा. वर आकाश मात्र भरपूर. मी मग वेगानं खेळायचं सोडून पाठ करायला लागलो. तिसऱ्या झाडानंतर उडी, पुलानंतर थांबायचं. असंही खेळता येतं, पण ज्याचा जीव वेगात आहे त्याला पाठांतर करायला लावणं हे काही खरं नव्हे. त्या काळी फोनची स्क्रीन उभीच असायची. ६६००चीही नेमकी तेवढ्याच ठिपक्यांची होती, फक्त रंग जास्त. एन-गेज करणाऱ्यांनी सगळा फोन आडवा केला आणि स्क्रीन तेवढी जुन्याच सवयीनं बसवली. मला वाटतं, या एका जागी त्यांनी खेळाचा विचार आधी आणि फोनचा मागाहून हा स्वतःचाच नेम मोडला.

दुसरी खोट त्याहून मोठी. गेम बदलायचा तर कार्ड बदलायला हवं, आणि कार्डाची जागा होती बॅटरीच्या खाली. आधी फोन बंद करायचा. मागचं झाकण सरकवून काढायचं. बॅटरी काढायची. ती बीएल-५सी, अकराशेला आणि ६६००लाही लागायची तीच. मग सिमकार्डाशेजारच्या खोबणीतून नखानं जुनं कार्ड बाहेर ओढायचं, नवं सरकवायचं, बॅटरी बसवायची, झाकण लावायचं, फोन चालू करायचा आणि तो जागा होईपर्यंत वाट बघायची. गिऱ्हाईक काउंटरपलीकडे उभं असताना हे सगळं करायचं म्हणजे घाम फुटायचा. झाकण, बॅटरी, कार्ड, सगळं काचेवर मांडलेलं बघून एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “दुरुस्तीला आलाय व्हय?”

एकदा तर आईला त्याचा त्रास झाला. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून माझं सिम त्यातच असायचं. एके दुपारी कार्ड बदलायला फोन उघडला, तेवढ्यात रिचार्ज कुपनांसाठी गर्दी झाली, आणि तो तसाच उघडा काउंटरवर राहिला. आई गावाहून एसटीनं आली होती. स्टँडवरच्या पीसीओवरून तिनं तीनदा लावला, तिन्ही वेळा बंद. पाठदुखीचा त्रास असताना धान्याची पिशवी घेऊन ती पाऊण तास फलाटावर बसली. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “फोन लागतोय म्हणून मी तुला पत्र घातलं नव्हतं.” त्यानंतर माझं सिम मी जुन्या ३३१०मध्ये ठेवलं ते कायमचं.

बोलण्याचं तर काय सांगावं. पुढचा सगळा भाग स्क्रीननं आणि बटणांनी व्यापल्यावर ऐकायची आणि बोलायची भोकं त्यांनी दिली वरच्या अरुंद कडेला. त्यामुळं फोन कानाला लावायचा तो कडेवर उभा करून. समोरच्याला दिसायचं ते असं, की माणसाच्या कानशिलातनं एक अर्धा चंद्र बाहेर आलाय. परदेशात लोकांनी त्याला टॅको म्हणून चिडवलं. इंटरनेटवर कुणी एक जागाच काढली, जिथं लोक हाती येईल ती वस्तू कडेवर धरून कानाला लावल्याचे फोटो टाकायचे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकूंनी त्याचं बारसं केलं. “करंजी आलीय म्हणे तुमच्यात,” असं म्हणत त्या बघायला आल्या, आणि ते नाव राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीपासून बाराव्या गल्लीपर्यंत गेलं. करंजी दाखव. करंजी केवढ्याला. करंजीत कॅमेरा हाय का? कॅमेरा नव्हता. तिथंच निम्मी गिऱ्हाइकं ६६००कडे वळायची.

काकूंच्या नावात प्रेम होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण रोज दहा जण यायचे, फोन मागून घ्यायचे, कानाला लावून आरशात बघायचे, हसायचे आणि ठेवून जायचे. त्याचं मला वाईट वाटायचं. त्यांतल्या कुणीच तो दोन्ही हातांत धरला नाही. ज्यांनी धरला ते हसले नाहीत, हे मी दोन-तीन आठवडे रोज बघत होतो. कॉलेजची पोरं, एक बँकेतले साहेब, एकदा एका रिक्षावाल्यानं सीटवर बसूनच मागून घेतला. धरला, अंगठे बसले, की माणूस गप्प व्हायचा आणि खांदे जरा पुढं यायचे.

मार्चमध्ये मिस्त्री आले. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे साचे, करायचे. बाटल्यांची टोपणं, पंपाची झाकणं, असलं काहीबाही. अकराशेचं झाकण तुटलं होतं म्हणून आले होते. मी माळ्यावर झाकण शोधत होतो. खाली उतरलो तर त्यांनी काउंटरवरचा एन-गेज उचललेला, आणि ते तो कानाला लावत नव्हते, चालूही करत नव्हते. दोन अर्धुकं जुळतात त्या सांध्यावरनं ते अंगठ्याचं नख फिरवत होते. हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग फोन उलटा करून परत.

“फ्लॅश न्हाई कुठं,” ते स्वतःशीच म्हणाले. फ्लॅश म्हणजे सांध्यातनं बाहेर आलेलं जादाचं प्लॅस्टिक. “डाय झ्याक हाय.”

मग त्यांनी पिशवीतनं व्हर्नियर काढला. दुकानात आलेल्या माणसानं फोनला व्हर्नियर लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. जाडी मोजली, डोळे बारीक करून वाचली. “वीस पॉइंट दोन.” मग आपला अकराशे मोजला. “वीस.” दोन्ही हातांवर दोन फोन ठेवून ते बराच वेळ तोलत राहिले. एन-गेज १३७ ग्रॅमचा आणि अकराशे ८६चा, हे मला बॉक्सवरच्या आणि पुस्तिकेतल्या आकड्यांवरनं ठाऊक होतं, तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एन-गेज दोन्ही हातांत धरला.

“आता वाटंना जड.”

मी त्यांना सॉनिक लावून दिला. ते खेळले नाहीत, बटणंच दाबत बसले. गोल बटण चारी बाजूंनी, मग ५, मग ७, मग बाकीची. त्यांच्या बोटांवर तेलाचे काळे चिरे होते, उजव्या तर्जनीचं पेर जुन्या जखमेनं वाकडं झालेलं. त्या वाकड्या बोटालाही फोनची मागची उतरती बाजू बरोबर लागत होती, ते त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं. शेवटी त्यांनी तो कानाला लावून बघितला, कडेवर उभा करून, आणि लगेच खाली घेतला.

“ज्यानं ह्यो केला त्येला हाताची समज हाय. कानाला इसरला.”

या यंत्राबद्दल नंतर मी पुष्कळ वाचलं, पण यापेक्षा नेमकं काही वाचलं नाही.

ते पुढं तीन संध्याकाळी आले. चौथ्या दिवशी मुलाला घेऊन आले, आठवीतला होता. त्यानं फोन हातात घेतला तो दुकान बंद करायची वेळ झाली तरी सोडला नाही. मामानं सात हप्ते पाडून दिले, दर महिन्याच्या सात तारखेला, वहीत लिहून, दुसरं काही न मागता. “मिस्त्रीनं व्हर्नियर लावून घेतलाय, तक्रार घेऊन यायचा न्हाई,” असं तो मला नंतर म्हणाला. ते तक्रार घेऊन आले नाहीत, आणि एकही सात तारीख चुकली नाही.

मला मात्र काउंटर रिकामं झाल्यासारखं वाटलं. मी महिनाभर दुसऱ्याची वस्तू आपली समजून हाताळली होती, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात नोकियानं सुधारलेला एन-गेज क्यूडी काढला आणि वर्ष सरता सरता तो आमच्याकडेही आला. आता कार्ड खालच्या कडेला, बॅटरी काढायची गरज नाही, चालू फोनमध्ये बदलता यायचं. आणि बोलताना साध्या फोनसारखा चपटा कानाला लावता यायचा. मी मुद्दाम मिस्त्रींना निरोप धाडला. त्यांनी कार्ड आत-बाहेर करून बघितलं, कानाला लावला, समाधानानं हसले. “कान आठवला त्येस्नी.” मग विचारलं, “रेडिओ हाय न्हवं?” नव्हता. क्यूडीतून रेडिओ काढून टाकला होता आणि गाणी वाजवायची सोयही. त्यांनी तो अलगद काचेवर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून ते आकाशवाणी कोल्हापूर ऐकायचे, आणि डबा संपल्यावर एखादा डाव खेळायचे. दोन्ही एकाच वस्तूत होतं म्हणून तर ती घेतली होती. जुनाच बरा म्हणून ते गेले.

मुलगा मात्र थांबला. दुकानातला क्यूडी माझ्या हातात, वडिलांचा जुना त्याच्या हातात, काउंटरच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, आणि ब्लूटूथवर गाड्यांची शर्यत. वायर नाही, मध्ये काच आणि तिच्यावर ठेवलेली रिचार्जची कुपनं. त्याची लाल गाडी माझ्या स्क्रीनवर मागनं आली आणि मला कापून पुढं गेली, तेव्हा मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो त्याच्या स्क्रीनवर माझ्याकडे बघत होता. त्याआधी फोननं मला आवाज आणून दिला होता, मेसेज आणून दिले होते. समोरचा माणूस असा स्क्रीनमध्ये शिरलेला मी पहिल्यांदा अनुभवला. नंतर दर सोमवारी बाजाराच्या सुट्टीत तो यायचा, मामा अर्धं शटर उघडून द्यायचा, आणि आम्ही खेळायचो.

एक गोष्ट सांगायची राहू नये. एन-गेजच्या कार्डांचं कुलूप बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत कुणीतरी फोडलं होतं. ते गेम मग त्याच जातीच्या दुसऱ्या फोनांवरही चालायला लागले. आमच्या गल्लीत त्याचा धंदाच झाला. पोरं कोरं कार्ड घेऊन यायची, “गेम भरून द्या,” म्हणायची, आणि मी भरून द्यायचो, वीस रुपयाला एक. सहा महिने मी हे केलं. त्या पैशातून परीक्षेची फी भरली. कॉम्प्युटरवर फायलींची नावं सरकत जाताना मला कधी प्रश्न पडला नाही. तो पडला पाथवे टू ग्लोरी नावाच्या युद्धाच्या गेममुळं. तो फिनलंडमध्येच हेलसिंकीत बनवलेला होता, खास याच यंत्रासाठी. ब्लूटूथवर सगळ्यांनी मिळून खेळावा, एकाच फोनवर पाळीपाळीनं खेळावा, असा जीव ओतून केलेला. खेळताना वाटलं, कुणीतरी नख फिरवून प्रत्येक सांधा तपासलाय. आणि मी तो वीस रुपयांत वाटत होतो. मिस्त्रींच्या डायवरून कुणी चोरून टोपणं पाडली असती तर मी काय म्हणालो असतो? मी ते काम सोडलं, पण सोडायला मला सहा महिने लागले, आणि तोवर मी किती कार्डं भरली त्याचा हिशेब नाही.

२००६ उजाडेपर्यंत आमच्या मुंबईच्या होलसेलवाल्याकडे एन-गेज मिळेनासा झाला. २००८मध्ये नोकियानं ते नाव पुन्हा काढलं, पण या वेळी यंत्र नव्हतं, नोकियाच्या स्मार्टफोनांवर उतरवून घ्यायचे गेम होते. २०१०च्या शेवटी तेही थांबलं. मामानं दुकान टाइल्सवाल्याला भाड्यानं दिलं. मी हिशेबाच्या कामात पडलो आणि तिथंच रमलो.

गेल्या दिवाळीत उद्यमनगरात एका अशिलाकडे गेलो होतो, परतताना मिस्त्रींच्या वर्कशॉपवर पाय थबकले. आता तिथं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आहे आणि ते सगळं मुलगा बघतो. मिस्त्री दाराशी खुर्ची टाकून बसलेले, सत्तरी पार केलेले, नजर शाबूत. मुलानं मला त्याचा नवा फोन दाखवला. असुसचा आरओजी, गेमचाच फोन. २३९ ग्रॅम, स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत, चित्र सेकंदाला १६५ वेळा नवं होणारं. आडवा धरला की वरच्या कडेला दोन जागा अशा, की तिथं बोट टेकलं की बंदूक सुटते. मी दोन्ही हातांत धरला. वीस वर्षांनी तळहात परत ओळखीच्या जागी आले. चित्र इतकं मऊ सरकत होतं की मी क्षणभर खेळायचं विसरून नुसतं रस्त्याकडे बघत राहिलो. समोरचा रस्ता लांबवर, क्षितिजापर्यंत दिसत होता. सॉनिकला हे मिळालं असतं तर, असं मनात आलं. पण अंगठा काचेवर ठेवला आणि तो कुठं आहे हेच त्याला कळेना. बघून ठेवावा लागत होता. जरा घसरला की उडी नाही, आणि चूक माझी की काचेची ते कळत नव्हतं. कडेच्या त्या दोन जागा म्हणजे या फोननं हाताला दिलेली तेवढीच खूण. बोट तिथं जाऊन स्थिरावायचं तेवढाच आधार.

मिस्त्रींनी फोन मागून घेतला, सांध्यावरनं नख फिरवायला गेले, तर सांधा सापडेना. काच आणि धातू एकजीव. “काम लई बारीक केलंय,” ते म्हणाले, आणि फोन फिरवून फिरवून बघत राहिले. “आणि बटणं रं?”

मुलगा काही बोलला नाही. आत गेला, टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला, ड्रिलच्या बिटांच्या डबीखालनं जुना एन-गेज काढून आणला आणि माझ्या हातात दिला. बॅटरी फुगून कधीची टाकून दिली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून बीएल-५सी आणली, अजून मिळते. झाकण काढलं. आत खोबणीत सॉनिकचं कार्ड तसंच होतं. बॅटरी बसवली आणि फोन लागला. तारीख विचारली, वेळ विचारली.

वेळ घालायला मी कीपॅडकडे बघितलं. १, २, ३ ठसठशीत होते. ४, ६, ८, ९, सगळ्यांचा रंग जागच्या जागी, जणू कालच बॉक्समधून काढलेले. ७चा खालचा पाय तेवढा उरला होता. आणि ५च्या जागी काही नव्हतं, घासून गुळगुळीत झालेला करडा ठिपका, त्यात वरच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता.